बिनगुलाची काडी

शुक्रवार, दिनांक २२ डिसेंबर २००६ रोजी सकाळी मला ग्रंथालयात एक पुस्तक परत करायला जायचे होते. गोष्टीचा आरंभ एवढाच आहे.

असे मी म्हणालो तेव्हा निवेदिताने मोबाइल पालथा ठेवला आणि अनुप सोफ्यावरून उतरून गालिच्यावर बसला. वॉटफर्डला माझ्या मुलीच्या, सुचेताच्या घरी, बरोबर तीन वर्षांनी, त्याच तारखेच्या रात्री हे सांगणे चालले होते. बाहेर दोन दिवसांचे बर्फ गोठून पडले होते. निवेदिता ही सुचेताची मुलगी, सतरा वर्षांची. अनुप तिचा चुलतभाऊ, पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामासाठी व्हिसावर आलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे श्रॉपशरमधील थॉर्नमिअर हे तळे पाहायला निघणार होते. त्या तळ्याकाठी एकोणिसाव्या शतकात एक शाळामास्तर झोपडी बांधून राहिला होता. त्याने तिथे लिहिलेली टिपणे निवेदिताला ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, नेमलेली आहेत.

जेवताना सुचेता म्हणाली होती, "बाबा, तुम्हांला तर ते पुस्तक पाठ आहे. सांगा ना मुलांना काहीतरी."

पाठ आहे, हे खरे. म्हणूनच सांगायला हवे होते.

"भुताची आहे ना?" अनुपने विचारले. "लाइट घालवू का, आजोबा?"

"कोपऱ्यातला राहू दे. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांची ही हकीकत आहे. भुताची आहे की नाही, ते तुम्ही ठरवा."

माझ्या खुर्चीशेजारी नेहमीप्रमाणे पाण्याचा तांब्या होता, त्यावर फुलपात्र पालथे. मी घोटभर पाणी प्यालो, फुलपात्र पुन्हा पालथे घातले, आणि सांगू लागलो.

मी तेव्हा लेस्टरला राहत असे. तिथल्या एका इस्पितळात एकतीस वर्षे मी रुग्णांच्या नोंदींची कपाटे सांभाळली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालेले, तेही दुसऱ्या खेपेस. पुढचे जे काही, ते सार्वजनिक ग्रंथालयातून मी स्वतः मिळवले. इस्पितळातले आपले मराठी डॉक्टर मला मान देत. नामकरणाला नाव सुचवायचे असो, एखाद्या श्लोकाचा अर्थ असो, की इथल्या इतिहासातली एखादी तारीख असो, ते म्हणत, "काकांना विचारा. काकांनी वाचलंय." पदवी नसलेल्या माणसाला हे दोन शब्द काय असतात, ते पदवी असलेल्यांना कळणार नाही.

त्या डॉक्टरांपैकी एक श्रीनिवास. स्वभावाने सरळ. त्यांचे वडील शशिधरपंत त्या उन्हाळ्यात वाईहून त्यांच्याकडे राहायला आले होते. हे गृहस्थ पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. पस्तीस वर्षे पाण्याच्या कडेने चाललेले. माझी आणि त्यांची ओळख लेस्टरच्या कालव्याकाठी झाली. मी बाकावर वाचत बसलो होतो. समोर माकडटोपी घातलेला एक मराठी माणूस खिशातून काडेपेटी काढून काडी मोडत होता.

"उन्हाळ्यात माकडटोपी?" अनुप हसला.

"वाईच्या माणसाला इथला जुलै म्हणजे पौषच वाटतो. हसू नकोस, तूही पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये हीटर लावला होतास."

तर शशिधरपंत काडी मोडत. कट् असा बारीक आवाज होई. गुलाचा, म्हणजे पेटणाऱ्या टोकाचा, तुकडा खिशात ठेवत आणि उरलेला पाण्यात टाकत. मग कंबरेत वाकून, हात मागे बांधून, ती काडी कुठे जाते ते पाहत. मी कारण विचारले. ते म्हणाले, "मुरलीधरराव, पाण्याला विचारायची रीत आहे ही. कुठून आलं, कुठं चाललं, काडी सगळं सांगते. पण गूल मोडायचा. गुलानं काडी एका अंगाला जड होते नि खोटं बोलते."

"पण आपल्या घरात तर मॅचेस नाहीच आहे," निवेदिता म्हणाली. "मला वाटतं मी कधी पेटवला पण नाही."

ते बरोबर आहे. सुचेताचा गॅस बटणाने पेटतो आणि देवापुढचा दिवा विजेचा आहे. हे ध्यानात असू द्या.

चार महिने आम्ही रोज भेटलो. मी त्यांना थॉर्नमिअरविषयी, त्या मास्तराच्या पुस्तकाविषयी पुष्कळ सांगे. ते ऐकून घेत, पण तळी-सरोवरे त्यांना फारशी आवडत नसत. "साठलं की वास येतो," म्हणत. "पाण्याला येतो नि माणसालाही." नोव्हेंबरात एकदा काडीकडे पाहता पाहता सहज म्हणाले, "माझं इथं काही झालं, तर श्रीनूला तुम्ही सांगा. कृष्णेपर्यंत न्यायला जमलं नाही तरी माझी तक्रार नाही. पण पाणी वाहतं हवं. मला थांबायची सवय नाही."

मी म्हणालो, "सांगेन."

अकरा डिसेंबरला ते गेले. झोपेतच.

अस्थी दहाव्याच्या आत पाण्यात जाव्यात, ही आपली रीत. इथे दहनाचीच वेळ मिळायला आठवडा लागतो. डॉक्टरांच्या हाती रक्षा आली ती वीस तारखेला, आणि त्या आठवड्यात धुक्याने निम्मा देश झाकला होता. हीथ्रोवर माणसे पथाऱ्या टाकून झोपली होती. वाईला जाणे अशक्य. रजा एकाच दिवसाची, शनिवारची. तोच तेरावा दिवस. डॉक्टर माझ्याकडे आले.

"काका, इथे नदीवर परवानगी घ्यावी लागते, ख्रिसमसमुळे कोणी फोन उचलत नाही. आणि अप्पांना कुठल्यातरी पुलाखाली, बोटींच्या मध्ये सोडायचं जिवावर येतं. एखादी चांगली जागा आहे का? वाहतं पाणी हवं, हे तुम्हीच सांगितलंत."

मी म्हणालो, "थॉर्नमिअर."

"ते तळं ना?"

"वरून तळे. त्याच्या तळातून एक गुप्त प्रवाह निघतो, तो सेव्हर्न नदीला मिळतो आणि नदी समुद्राला. पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "तुम्ही वाचलंय म्हणजे प्रश्नच नाही, काका."

इथे मी थांबलो. अनुप भिंतीला टेकून बसला होता. निवेदिताच्या कपाळावर आठी पडली होती.

"आजोबा, पण आमच्या टीचरने सांगितलं की..."

"माहीत आहे. थांब."

गुरुवारी, एकवीस तारखेला रात्री, ते वाक्य तिथे मोठ्याने वाचावे म्हणून मी पुस्तक काढले. वाक्य होते. त्यावर बारीक आकडा होता. चार वेळा वाचलेल्या पुस्तकात मी तो आकडा कधी पाहिला नव्हता, कारण शेवटच्या टिपा वाचणे मला कमीपणाचे वाटे. त्या रात्री मी टीप उघडली. संपादकाने लिहिले होते की हिमयुग सरताना मागे राहिलेला बर्फाचा एक प्रचंड तुकडा जमिनीत रुतून वितळला आणि त्या खड्ड्याचे हे तळे झाले. त्यात ओढा येत नाही. त्यातून ओढा जात नाही. मास्तराचा धाकटा भाऊ त्या तळ्यावरील बर्फ फुटून बुडाला आणि त्याचे प्रेत मिळाले नाही. तो समुद्राला मिळाला, असे स्वतःला समजावण्यासाठी मास्तराने तो प्रवाह कल्पिला.

दहा हजार वर्षे ते पाणी तिथेच आहे.

रात्री साडेअकरा वाजले होते. डॉक्टर जागे असणार, हे मला ठाऊक होते. फोन हाताच्या अंतरावर होता. "डॉक्टर, माझे चुकले," एवढेच म्हणायचे होते. मी फोनकडे पाहत बसलो. मग दिवा मालवला. आणि शुक्रवारी सकाळी उठून पहिले काम केले ते पुस्तक परत करण्याचे. मुदत अजून बारा दिवस होती. पण डॉक्टर घरी आले असते, सहज पाने चाळली असती...

"म्हणजे तुम्हांला माहीत होतं?" अनुपने विचारले.

"होते."

"आणि तुम्ही पण गेलं तिथे? त्यांच्याबरोबर?" निवेदिता म्हणाली.

"गेलो."

शनिवार, तेवीस डिसेंबर. आम्ही साडेतीनला पोहोचलो. चार वाजता तिथे सूर्य बुडतो. आपण जिला संध्याकाळ म्हणतो, ती तिथे रात्रच. ते सारे रान आता एका विश्वस्त संस्थेने राखलेले आहे. फाटकावर पाटी आहे: पोहू नये, होडी घालू नये, पाण्यात काहीही टाकू नये, अंधारानंतर थांबू नये. डॉक्टरांनी पाटी वाचली आणि माझ्याकडे पाहिले. मी पुढे झालो.

तळ्याभोवती एकच पायवाट आहे, साधारण मैलभर, वर्तुळासारखी. मास्तराच्या झोपडीच्या जागी चार दगड आणि एक बाक ठेवला आहे. तिथे आम्ही थांबलो. धुके पाण्याला टेकले होते. डॉक्टरांनी तांब्याच्या कलशातून रक्षा सोडली. मागून शेवंतीची फुले सोडली. मला जो काही मंत्र येत होता, तो मी म्हटला. उच्चार शुद्ध होते.

रक्षा पसरली. फुले पाच होती. जिथे पडली, तिथेच राहिली.

डॉक्टर बराच वेळ पाहत होते. "काका, हलत नाहीयेत."

"प्रवाह खालून आहे," मी म्हणालो. "वर दिसत नाही."

त्यांनी मान डोलावली.

आम्ही परत फिरलो. फाटक तिथून वीस मिनिटांवर. मी टॉर्च धरला होता. पाणी डाव्या हाताला होते. वीस मिनिटे झाली. तीस झाली. मग दगड दिसले. बाक दिसला. पाण्यात पाच फुले.

"फाटक मागे राहिलं बहुतेक," डॉक्टर म्हणाले. "धुक्यात दिसलं नसेल."

पुन्हा चाललो. या खेपेस मी उजवी कड टॉर्चने शोधत होतो. कुंपण होते. झाडे होती. फाटक नव्हते. आणि पुन्हा चार दगड...

"चकवा," अनुप हळूच म्हणाला.

"चकवा म्हणजे?" निवेदिताने विचारले.

"गावाकडे असतो. रात्री माणसाला त्याच त्याच जागी फिरवत ठेवतो. सुटकाच नाही." मग त्याने हसण्याचा प्रयत्न केला. "पण श्रॉपशरमध्ये? त्याला व्हिसा कोणी दिला, आजोबा?"

व्हिसा कोणी दिला, ते मला माहीत होते.

बाकावर एक काडी होती. आगकाडी. गूल मोडलेली.

डॉक्टरांनी ती उचलली. खिशात ठेवली. आम्ही तिसऱ्यांदा चालू लागलो, आणि आता मी टॉर्च पाण्याकडे धरला होता. का, ते सांगता येणार नाही. काठाला एक काडी तरंगत होती. दहा पावलांवर दुसरी. मग तिसरी. सगळ्या स्थिर. एकही हलत नव्हती.

मग पुढून आवाज आला.

कट्.

डॉक्टर थांबले. मी थांबलो.

कट्.

धुक्यात कोणीतरी काठाशी वाकले होते. हात मागे बांधलेले. डोक्याला माकडटोपी. पाण्याकडे पाहत होते. बराच वेळ पाहिले. मग सरळ झाले, दहा पावले पुढे गेले, खिशात हात घातला...

कट्.

निरीक्षण चालले होते. पाणी कुठून बाहेर पडते, ते शोधणे चालले होते.

"अप्पा," डॉक्टर म्हणाले. पुन्हा म्हणाले, "अप्पा..."

ते वळले. तोंड नीट दिसले नाही. टोपीची कड दिसली, हनुवटी दिसली. पण ते मुलाकडे पाहत नव्हते, हे मला कळले. त्यांनी उजवा हात पुढे केला. तळवा वर. कालव्यावर ते मला असेच विचारत. काय मुरलीधरराव, आज काय वाचलंत?

मी...

मी टॉर्च दुसऱ्या हातात घेतला.

डॉक्टर माझ्या कानाशी बोलले. लहान मुलासारखे. "काका, त्यांना वाट सापडत नाहीये. तुम्ही सांगा ना. खालून आहे ना?"

तेव्हा सांगता आले असते. त्या माणसाने आयुष्यभर पाण्याला खरे विचारले होते. त्याला खरे ऐकायची सवय होती. दोनच शब्द होते. माझे चुकले. पण शेजारी डॉक्टर उभे होते, आणि ते माझ्याकडे पाहत होते...

मी म्हणालो, "आहे. खालून आहे."

हात खाली गेला. त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला की माणूस हलवतो, तशी. मग ते काठावरून पाण्यात उतरले. तरंग उठला नाही. गुडघ्यापर्यंत. कमरेपर्यंत. खांदे. टोपी.

आम्ही वाट पाहिली.

ते वर आले नाहीत.

मी वळलो तेव्हा फाटक समोर होते. पाच पावलांवर. घड्याळात सहा वाजून दहा मिनिटे झाली होती.

मोटारीत डॉक्टर खूप रडले. मग शांत झाले आणि म्हणाले, "मिळाली वाट. काका, तुम्ही नसता तर ते फिरतच राहिले असते." पुढच्या वर्षी ते पत्नीला, सुप्रभावहिनींना घेऊन ब्रिस्टलला गेले. दर दिवाळीला त्यांचे पत्र येते. पत्रात हेच वाक्य असते. ती तीनही पत्रे वरच्या खोलीत आहेत. मी एकाचेही उत्तर लिहिलेले नाही.

बर्फावरून एखादी मोटार सावकाश गेली. निवेदिताने गुडघे पोटाशी घेतले होते.

"मग ते अजून तिथेच आहे?" तिने विचारले. "पाण्यात खाली? शोधत?"

"तुम्ही उद्या जाणार आहात," मी म्हणालो. "माझे गुडघे आता मैलभर चालत नाहीत. एक बाटली न्या. बाकासमोरचे पाणी भरून घ्या. परत येताना श्रूजबरीला सेव्हर्नवर पूल लागतो. तिथून ते पाणी नदीत सोडा. आणि म्हणा की मुरलीधररावांनी सांगितले आहे, त्यांचे चुकले. याचा काही उपयोग होतो, असे मी कुठे वाचलेले नाही."

"सोडू, आजोबा," अनुप म्हणाला. मग थोडा घुटमळला. "रागावू नका, पण ते आम्ही कशाला म्हणायचं? डॉक्टरांचा नंबर आहे ना तुमच्याकडे? दहाच वाजलेत. मी लावून देतो."

"आता?"

"आता."

"त्यांना वाटते आहे की वडील सुखात गेले. ते मी त्यांच्याकडून काढून घेऊ?"

"तुम्ही त्यांच्यासाठी गप्प आहात, की..." अनुपने वाक्य पुरे केले नाही. केले असते तरी चालले असते.

त्याने फोन माझ्यापुढे धरला. पडदा उजळलेला होता. मी फोनकडे पाहिले. तीन वर्षांपूर्वीसारखेच, हाताच्या अंतरावर. मी नजर तांब्याकडे वळवली.

"उद्या," मी म्हणालो. "तुम्ही परत आलात की उद्या."

अनुपने फोन खाली ठेवला.

"पाणी देते तुम्हांला," निवेदिता म्हणाली आणि उठली. तिने तांब्यावरचे फुलपात्र उचलले. मग तशीच उभी राहिली, फुलपात्र हातात धरून.

"आजोबा... हे तुम्ही टाकला?"

मी वाकून पाहिले. अनुपही आला.

तांब्यात काडी तरंगत होती. गूल मोडलेली.

तांब्याला कोणी हात लावला नव्हता. पाणी अगदी स्थिर होते, कोपऱ्यातला दिवा त्यात न हलता दिसत होता. काडी मात्र हलत होती. हळूहळू पुढे जाई, काठाला टेके, जराशी थांबे, आणि काठाकाठाने पुन्हा चालू लागे.